न्हाणीघरातली कन्हान

माझ्या आयुष्यातलं पहिलं आकाश मी बायकोच्या ओल्या कुरड्यांवर पालथं वाळत घातलं.

यात माझी काही चूक नव्हती, असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि पुढं बरीच वर्षं म्हणत राहिलो. मला जलरंग शिकवणाऱ्या मेश्राम दादाजींनी बजावलं होतं, की ओल्या रंगाला मे महिन्याचं ऊन थेट दाखवू नका, रंगाचा जीव जातो. म्हणून मी कागद पालथा घातला. खाली काय आहे ते बघा, असं दादाजींनी सांगितलं नव्हतं. गच्चीवर धुतलेलं धोतर अंथरलेलं दिसलं, त्यावर काही पांढरी नक्षी दिसली, आणि मी मनात म्हटलं, चला, जागा स्वच्छ आहे. तासाभरानं कागद उचलला तेव्हा माझ्या आकाशाला वेटोळी वेटोळी भोकं पडली होती आणि इंदूच्या कुरड्या निळ्या झाल्या होत्या. त्यातली एक तिनं काचेच्या बरणीत घालून बैठकीतल्या फळीवर ठेवली. येणारा पाहुणा विचारायचा, "हे काय?" आणि ती म्हणायची, "यांचं चित्र."

साल नेमकं आठवत नाही. सत्तरच्या पुढचं होतं एवढं खरं. नागपुरात कूलर पैसेवाल्यांच्या खिडकीला असायचा आणि आमच्यासारख्यांच्या दाराला वाळ्याची ताटी. दुपारी तिच्यावर तांब्याभर पाणी मारलं की जो वास यायचा, तो आता कुठल्या दुकानात मिळत असेल तर मला सांगा, मी भाव न विचारता घेईन.

मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो आणि सगळ्या जगावर चिडलेला होतो. नळ उशिरा आला की चिडायचो, लवकर आला की जास्त चिडायचो. शेवटी डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, पारा पाहिला आणि माझ्याऐवजी इंदूशी बोलायला लागले. ते लक्षण बरं नसतं. "यांना मन रमेल असं काहीतरी करू द्या," ते म्हणाले. "बागकाम, गाणं, काहीही. पण निवांत."

बागकाम केलं. मे महिन्यात लावलेला मोगरा दोन दिवसांत सरपण झाला, त्यावर चिडलो. गाणं सुरू केलं, तर वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले की घरात कोणाला बरं नाही का. तेव्हा इंदू म्हणाली, "तुम्ही शेजारी मेश्राम दादाजींकडे जा. दिवसभर न्हाणीत बसून चित्रं काढतात. कोणाशी भांडत नाहीत."

"न्हाणीत?"

"न्हाणीत."

सक्करदऱ्याकडच्या आमच्या त्या दुमजली इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. मेश्राम दादाजी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले ड्राफ्ट्समन. उंच, काटकुळे, अंगात बंडी, डोक्यावर ओला पंचा आणि चष्म्याच्या दांड्या मागं दोऱ्यानं बांधलेल्या. उन्हाळा लागला की हे सकाळी नाश्ता करून न्हाणीघरात जायचे ते संध्याकाळी बाहेर यायचे. आंघोळ करायची असेल तर त्यांच्या घरातल्या माणसानं त्यांच्या आधी उठायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं. घरातलं माणूस म्हणजे एकट्या सखुबाई, त्यांच्या पत्नी. त्या पहाटेच उरकून घेत.

मी पहिल्या दिवशी गेलो तर सखुबाईंनी दार उघडलं, आत बोट दाखवलं आणि एक पाट माझ्या हातात दिला. आत शहाबादी फरशी, कोपऱ्यात सिमेंटचं टाकं काठोकाठ भरलेलं, वर एक छोटा झरोका. फरशीवर एक कोरा कागद ओलाचिंब चिकटवलेला, त्याच्या एका बाजूला रंगाच्या ट्युबा, इनॅमलची बशी, खारीच्या केसांचा एक जाड ब्रश. दुसऱ्या बाजूला मांडी घालून दादाजी.

"दार लावा गा," ते म्हणाले. "झळ येऊन राहिली."

मी दार लावलं. अशा रीतीनं एक सरकारी हेडक्लार्क आणि एक रिटायर्ड ड्राफ्ट्समन रविवारच्या भर दुपारी आतून कडी लावून एका न्हाणीघरात बसले. त्याच दिवशी वरच्या मजल्यावरून कोणीतरी मला विचारत आलं.

"वसंतराव आहेत का?"

"न्हाणीत हायेत," सखुबाईंचा आवाज आला.

"बरं. मग दादाजी?"

"तेई न्हाणीत हायेत."

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला बातमी कळली होती.

न्हाणीघराचं कारण मात्र पक्कं होतं. जलरंगाचा सगळा जीव ओल्या कागदात. कागद ओला असला की रंग आपोआप पसरतो, एकात एक मिसळतो, माणसानं फक्त बघत बसायचं. पण नागपूरच्या मेमध्ये बैठकीत कागद ओला केला तर ब्रश रंगात बुडवून वर आणेपर्यंत तो पापडासारखा कडकडीत. सबंध घरात ओल टिकणारी जागा एकच होती.

"पाण्याले घाई नसते गा," दादाजी म्हणायचे. "घाई आपल्याले असते."

पहिला धडा आकाशाचा. कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, फरशीवर चिकटवायचा, ब्रश निळ्या रंगानं भरून वरच्या कडेनं एक आडवा फटका मारायचा, मग त्याच्या खाली दुसरा, खाली येताना रंग कमी, पाणी जास्त. आणि मुख्य म्हणजे गेलेल्या जागी परत जायचं नाही. मला तेच जमायचं नाही. मी कचेरीत लिहिलेली ओळ तीनदा खोडणारा माणूस.

"दादाजी, इथं डाग पडला."

"पडू द्या. तो ढग आहे."

"मला ढग नको होता."

"अरे, मे महिन्यात ढग मिळून राहिला अन् तुम्ही नाही म्हणून राहिले!"

दुसऱ्या धड्याला मी त्यांच्या ट्युबा उलट्यापालट्या करून पांढरा रंग शोधत होतो. सापडेना. "पांढरा नसते," ते म्हणाले. "पांढरा कागदाचाच. तो लावत नाही, सोडून देतात. जिथं उजेड पाहिजे तिथं हात लावायचा नाही." हे ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. रिकामी जागा दिसली की हात तिकडेच जातो.

तिसऱ्या धड्यात मीठ. ओल्या रंगावर चिमूटभर मीठ टाकलं की प्रत्येक कण आपल्याभोवतीचं पाणी पितो आणि कागदावर चांदण्यासारखे ठिपके उमटतात. दादाजींनी चिमूटभर सांगितलं होतं. मला वाटलं, चिमटीत एवढं होतं तर मुठीत किती होईल. ते चित्र घरी नेलं तेव्हा इंदूनं बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "कैऱ्या आणू का?"

कागद वाळला की नाही हे दादाजी बोटांच्या टोकांनी कधी पाहायचे नाहीत. बोटांची पाठ हलकेच टेकवायचे, तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावतात तशी. गार लागलं तर अजून ओल आहे. मग ते हात मागं घ्यायचे आणि म्हणायचे, "वाळू दे गा."

हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं आणि ते केवळ कागदापुरतं नव्हतं. नळावर दोन बायांचं भांडण झालं, की दोघी न्याय मागायला दादाजींच्या न्हाणीघराच्या दाराशी. हे आतूनच म्हणायचे, "ओलं आहे अजून. वाळू द्या, मग पाहू." आणि खरंच, दोन दिवसांनी त्याच दोघी गच्चीवर एका चादरीवर पापड घालताना दिसायच्या. कोणाचं लग्न मोडलं, कोणाला मेमो मिळाला, सगळ्यांना औषध एकच. माझ्यावरही ते लागू पडलं. महिन्याभरानं डॉक्टरांनी पट्टा फुगवला, पारा पाहिला, परत फुगवला आणि विचारलं, "कोणतं औषध घेता?" मी म्हटलं, "न्हाणीत बसतो." ते पुन्हा इंदूशी बोलायला लागले.

दादाजींची दुसरी तऱ्हा म्हणजे रेघ. उभा जन्म ज्या माणसानं पुलांच्या आणि रेस्टहाऊसच्या रेघा मारल्या, त्याच्या घरात एक फूटपट्टी नव्हती. शेजारचं कोणी मागायला आलं तर म्हणायचे, "आमच्या घरी रेघ नाही." सखुबाई वड्या कापायला बसल्या की हे उठून बाहेर जात. मला वाटायचं, नोकरीत कंटाळले असतील. मीही निवृत्त झाल्यावर फायलींचं तोंड पाहणार नाही, असं तेव्हा ठरवलं होतं.

आणि तिसरी तऱ्हा म्हणजे कन्हान. शिकवताना ते आकाश, झाड, माठ, काहीही काढायचे. पण स्वतःसाठी बसले की एकच चित्र. उन्हाळ्यातली कन्हान नदी. अलीकडच्या काठाला एक बाभूळ, मग वाळू, वाळूत टरबुजाच्या वाड्यांचे हिरवे पट्टे, मधून पाण्याची एक बारीक धार, कडेला पुलाच्या कमानी धुक्यासारख्या. आणि पलीकडचा काठ? तिथं काही नाही. कोरा कागद. नदी ओलांडली की चित्र संपायचं.

पहिल्यांदा मला वाटलं रंग संपला. नंतर वाटलं, उजेड दाखवायचा असेल. मग एकदा विचारलंच, "पलीकडे काही नाही का दादाजी?"

"वाळू दे," ते म्हणाले.

"अहो, हे चित्र मागच्या आठवड्यातलं आहे. खडखडीत वाळलंय."

त्यांनी बोटांची पाठ त्या कोऱ्या जागेला टेकवली. "ओलं आहे," म्हणाले, आणि ब्रश धुवायला लागले.

खुलासा सखुबाईंनी केला. दादाजी रंग आणायला बाजारात गेले होते, मी लवकर पोचलो होतो. बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली सखुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आपला विषय काढला, की काकू, हे पलीकडचा काठ का काढत नाहीत?

"तिथं आमची पमी राह्यते, भाऊ," त्या म्हणाल्या. सुपातून मान वर केली नाही. "नदीपल्याड, कन्हान गावाले. जावई कोळशाच्या खाणीत हापिसात हाय. घर बांधलं त्यायनं. नकाशा यायनंच काढून देल्ला. किती दिवस काढून राह्यले होते, खाटेच्या पायापरेंत दाखवलं होतं. नकाशात दार उगवतीले. पोरीनं बांधता बांधता फिरवलं, नदीकडे केलं. गृहप्रवेशाले आमी गेलो, भन्तेजी आले, वंदना सुरू होणार, अन् हे दारात उभे राह्यले. आत येईच ना. म्हणते, 'नकाशात इथं भिंत आहे. भिंतीतून माणूस आत कसा जाईन?'"

मी हसलो. हसू यायचीच गोष्ट होती. सखुबाई हसल्या नाहीत.

"तसेच फिरले. जेवले नाही, पाणी पेले नाही. घरी येऊन टी-पट्टी, कंपास, सगळं वाटून देलं अन् न्हाणीत जाऊन बसले. मी जातो म्हटलं पोरीकडे, तं नाही म्हणत नाही. मी जात राह्यतो. पण तुमी चला म्हटलं का, वाळू दे. आता किती वरसं झाले." त्यांनी एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला. "आता जावयाची बदली झाली. चंद्रपूरकडे, दुसऱ्या खाणीत. पाऊस लागायच्या आधी जाऊन राह्यले. घर भाड्यानं देतीन. मंग हे कोणाच्या दारात जातीन?"

दादाजींची पावलं वाजली. सखुबाईंनी सूप हलवायला सुरुवात केली आणि मी टाक्यातलं पाणी किती गार आहे यावर बोलायला लागलो.

यानंतर शहाण्या माणसानं त्या कोऱ्या काठाकडे पाहिलंसुद्धा नसतं. मीही पाहणार नव्हतो. पण त्या रविवारी दादाजींनी जी कन्हान काढली, तशी त्यांनी आधी कधी काढली नव्हती. पाणी अगदी पाणी. वाळूकडे पाहून पाय भाजतील अशी वाळू. ते उठले, कंबर ताठ केली आणि म्हणाले, "ताटीवर पाणी मारून येतो. तुम्ही पाहा इथं. हात लावू नका."

मी हात लावला नाही. मी फक्त माझा ब्रश हातात घेऊन चित्रावर वाकलो. ब्रशात माठाचा तपकिरी रंग होता. त्याचा एक थेंब पडला. पडायला त्याला सबंध फरशी मोकळी होती, तो पडला नेमका पलीकडच्या काठावर.

आता डाग दिसणार. मी विचार केला, डागाचा दगड करावा, नदीकाठी दगड असतोच. दगड केला, तर तो बसलेल्या कुत्र्यासारखा दिसायला लागला. कुत्रं लपवायला त्याच्याभोवती चौकट ओढली, तर ती झोपडी झाली. झोपडीला छप्पर पाहिजे, छप्पर दिलं. छप्पर दिल्यावर घर आंधळं दिसत होतं, म्हणून मधोमध दार दिलं. मला शाळेपासून एकच घर येतं, त्याचं दार मधोमध आणि आपल्याकडे तोंड करून. तेवढ्यावर थांबलो असतो. पण बशीत लाल रंग उरला होता आणि रिकामं घर वाईट दिसतं, म्हणून दारात एक माणूस उभं केलं. कागद ओला. माणूस पसरलं. त्याला पदर फुटला, मग दुसऱ्या बाजूनंही काहीतरी फुटलं.

दार वाजलं. दादाजी आत आले. हातातला तांब्या त्यांनी सावकाश टाक्याच्या काठावर ठेवला.

"दादाजी, एक थेंब पडला," मी म्हणालो.

ते खाली बसले. चष्मा सरळ केला. बघत राहिले. माझ्या कानात डॉक्टरांचा पट्टा फुगायला लागला. मी कापसाचा बोळा उचलला. "मी पुसतो. एका मिनिटात पुसतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. "हात लावू नका. ओलं आहे."

नळातून टाक्यात थेंब पडत होते. मग ते म्हणाले, "दार इकडे काहून काढलं?"

मला वाटलं होतं, ते शिव्या देतील. त्यांची तयारी होती माझी. या प्रश्नाची नव्हती. "मला एवढंच घर येतं हो दादाजी," मी खरं ते सांगितलं. "दार दुसरीकडे काढलं तर ते मला दिसत नाही. आणि दिसत नाही ते मला काढता येत नाही."

"हं." मग बोटानं, कागदाला न लावता, त्यांनी दारातलं लाल दाखवलं. "अन् हे कोण?"

"आधी कोणी नव्हतं. रंग उरला होता."

चित्र वाळेपर्यंत दोघं बसून राहिलो. मधेमधे ते बोटांची पाठ टेकवत आणि काढून घेत. शेवटी एकदा टेकवली ती तशीच ठेवली. मग उठले, डोक्यावरचा पंचा काढून दांडीवर टाकला.

"साइटवर जाऊन पाहावं लागते," म्हणाले. "दिशा बरोबर आहे का चूक, हे घरी बसून नाही समजत. चला."

"मी?"

"मंग? घर तुम्ही बांधलं."

बाहेर सखुबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दादाजी धुतलेला सदरा चढवायला आत गेले, तेवढ्यात माझ्या हातात पापडांचा डबा ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "पमीले द्या. अन् भाऊ, यायले पुलाच्या अलीकडे उतरू देऊ नका."

मला काही कळलं नाही. मी हो म्हटलं.

एस.टी.ची सीट तव्यासारखी. खिडकीजवळ दादाजी, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र. शेजारी मी, मांडीवर पापड. कामठी मागं पडली. पुलाच्या जरा अलीकडे, एका बाभळीजवळ, गाडी थांबली. कंडक्टर आमच्याकडे पाहून म्हणाला, "चला दादाजी, आलं तुमचं."

"आम्हाला कन्हानला जायचंय," मी म्हटलं.

"पलीकडे?" कंडक्टरनं दादाजींकडे पाहिलं. "पण हे तर इथंच उतरते ना! झाडाखाली बसते अन् परतीच्या गाडीनं जाते. मी या रूटवर आलो तेव्हापासून पाहून राहिलो. काय दादाजी, आज पूल पाहाचा का?"

रंग आणायला म्हणून बाजारात जाणाऱ्या दादाजींकडे मी पाहिलं. ते गाडीच्या पत्र्याकडे पाहत होते. मला ती बाभूळ ओळखीची वाटत होती, आणि का वाटत होती ते आत्ता कळलं. न्हाणीघरातल्या प्रत्येक कन्हानच्या अलीकडच्या काठाला ती होती.

"वसंतराव," ते एकदम म्हणाले, "जरा सरका गा. मी उतरतो. आज ऊन फार आहे. वाळू दे, पुढच्या खेपेले जाऊ."

ते अर्धे उठले. मी सरकलो नाही. डॉक्टर माझ्या वजनाबद्दलही इंदूशी नेहमी बोलत. त्या वजनाचा कोणाला उपयोग झाला असेल तर तो तेवढाच. मी सीटच्या दांड्याला धरून बसून राहिलो, कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि दोनदा घंटी मारली.

पूल संपेपर्यंत दादाजींनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

स्टँडवर उतरलो आणि मला घर विचारावं लागलं नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला, जरा उंचावर, एक बैठं घर. दार आमच्याकडे तोंड करून सताड उघडं. आणि दारात, पदराला हात पुसत, एक बाई उभी. आम्ही चार पावलं टाकायच्या आत उभी. माझ्या चित्रात साडी लाल होती, इथं पिवळी. ती धावत आली नाही, हाक मारली नाही. एका हातानं चौकट धरून बघत राहिली.

दादाजी उंबरठ्यापासून दोन हातांवर थांबले. अगदी सखुबाईंनी सांगितलं होतं तसेच. वर्तमानपत्र सोडलं, चित्र समोर धरलं. एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"मध्ये नाही," मला म्हणाले. "जरा डावीकडे आहे."

"हो," मी म्हटलं.

"बाकी दिशा बरोबर आहे."

"बाबा," दारातून आवाज आला, "उन्हात काहून उभे राहिले? आहे का भिंत अजून?"

दादाजींचा हात खाली आला. "नकाशात उगवतीले होतं," ते म्हणाले. आवाज पार लहान.

"उगवतीले केलं असतं तर स्टँड नसतं दिसलं."

"स्टँडमध्ये काय पाहाचं असते?"

पमीनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. "गाडी नागपूरची आली, का मी इथं येऊन उभी राह्यतो. तुम्ही उतरले का दिसले पाहिजे म्हणून दार फिरवलं. त्याच दिवशी सांगणार होतो. तुम्ही थांबले कुठं?"

तिच्याकडे पाहायचं सोडून मी पुलाकडे पाहायला लागलो. इथून तो सबंध दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे, उन्हात, एक बाभूळ.

"पमे," दादाजी म्हणाले, "मी म्हटलं, वाळू द्या..."

"वाळलं, बाबा. कवाचं वाळलं. आता तडे जाऊन राहिले."

ते चपला काढायला वाकले. एका चपलेचा पट्टा निघेना. पमीनं खाली बसून तो काढला. मग दादाजींनी उंबरठ्याशी येऊन हात पुढं केला आणि चौकटीच्या लाकडाला बोटांची पाठ टेकवली. क्षणभर तशीच ठेवली. आणि नकाशातल्या भिंतीतून आत गेले.

आत सगळं सामान बांधून झालं होतं. ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, दोरी मारलेली भांडी. पमीनं आम्हाला ट्रंकेवर बसवलं, माठातलं पाणी दिलं, वाडीवरचं टरबूज कापलं. दादाजी दोन तांबे पाणी प्यायले. मग ते उठून खोल्या पाहायला लागले, स्वयंपाकघराची खिडकी नकाशाप्रमाणं आहे असं आतून ओरडून म्हणाले, आणि तिथंच जरा वेळ थांबले. बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते.

भिंतीवर एकच खिळा उरला होता. पमीनं चित्राच्या वरच्या कडेला भोक पाडलं आणि त्याला लटकवलं. "जाताना काढून घेईन," म्हणाली. दोन पावलं मागं आली, कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"नदी बाबाची," ती म्हणाली. "पूल बाबाचा. वाळू बाबाची." मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हे खुराडं तुमचं का, काका?"

"घर आहे ते," मी म्हणालो. "तुमचं."

"अन् ही खुराड्यातली लाल कोंबडी म्हणजे मी?"

दादाजी माझ्या मदतीला धावले. "वसंतराव नवीन आहेत वं पमे. आताशी शिकून राहिले. वाळू दे, मग दिसते बरोबर."

पमीनं पुढं होऊन बोटांची पाठ त्या लाल डागावर टेकवली, अगदी बापासारखी, आणि म्हणाली, "वाळलं आहे, बाबा. कोंबडीच आहे."